माथाडी अधिनियम : कामगारांचे व मालकांचे हक्क

बाजारपेठेत धान्याची पोती, लोखंडाच्या सळया, कापडाच्या गाठी वा कांद्याबटाट्याच्या गोण्या यांची चढउतार करणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याच्या वखारीत, तर दुपारी दुसऱ्याच्या गाळ्यावर काम करतो. एकाच दिवसात त्याचा मालक अनेकदा बदलतो. सर्वसाधारण कामगार कायदे मात्र बहुतांशी एकाच मालकाकडील सलग नोकरी गृहीत धरतात. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा यांसारख्या लाभांपासून हा श्रमिक दीर्घकाळ वंचित राहिला. मुंबईत अण्णासाहेब पाटील व पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या कष्टकऱ्यांनी या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष वेधले. राज्य विधानमंडळाने संमत केलेला ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ हे या प्रश्नाचे उत्तर होय.

मंडळाची रचना

मालक बदलला तरी कामगाराची नोंद एकाच ठिकाणी राहावी, हे या अधिनियमाचे मूलसूत्र आहे. त्यासाठी निरनिराळ्या व्यवसायांकरिता माथाडी मंडळे स्थापन करण्यात आली. मंडळावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. शासनाचे प्रतिनिधी मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या एकूण संख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक असू शकत नाहीत. मालक व कामगार या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते.

कामाची मजुरी मालकाने मंडळात भरावयाची असते. तिच्यावर ठराविक टक्केवारीने ‘लेव्ही’ द्यावी लागते. तिचा दर सर्व मंडळांत सारखा नसतो. समजा, एखाद्या ठिकाणी हा दर ३० टक्के आहे. तेथे १,००० रुपये मजुरीच्या कामापोटी मालकाला १,३०० रुपये भरावे लागतील. मजुरी कामगाराला मिळते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा आदी लाभांची व मंडळाच्या प्रशासनाची तरतूद होते.

रोख मजुरीचा धोका

मजुरी परस्पर हातावर देण्याची प्रथा दोघांनाही सोयीची वाटते. परंतु अशा रकमेची मंडळाकडे नोंद होत नाही व तिच्यावर लेव्हीही भरली जात नाही. वीस वर्षे पाठीवर ओझे वाहिलेल्या कामगाराच्या खात्यावर पाचच वर्षांची मजुरी दिसली, तर म्हातारपणी त्याच्या हाती येणारी रक्कमही तेवढ्याच प्रमाणात घटते. कामगाराचे संरक्षण, म्हणूनच, अखेर नोंदीवर अवलंबून आहे.

मालकांचे हक्क

हा अधिनियम एकतर्फी नाही. एखाद्या कामाला योजना लागू होते किंवा नाही, असा वाद निर्माण झाल्यास तो राज्य शासनाकडे नेता येतो. शासन सल्लागार समितीचे मत घेऊन निर्णय देते. आपल्या कामगारांना एकंदरीत कमी नसलेले लाभ मिळत असल्यास मालकाला सूट मागता येते. काम न करता मजुरी मागण्यास अधिनियमात कोणताही आधार नाही. त्याचप्रमाणे, अन्य कायद्याने वा कराराने कामगाराला अधिक लाभ मिळत असतील, तर ते अबाधित राहतात.

याच धर्तीवर राज्याने १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र अधिनियम केला.

स्थानिक कार्यकर्त्यांचे कार्य

सातारा, सांगली, पुणे आदी जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे माथाडी कामावर पोसली गेली आहेत. कामासाठी शहरात जाणाऱ्या तरुणाने मंडळाकडे नोंदणी करावी, ओळखपत्र जपून ठेवावे, खात्यावर जमा होणारी रक्कम वेळोवेळी तपासावी आणि वारसाचे नाव नोंदवावे, एवढे त्याला गावातच समजावून सांगता येईल. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी हे काम अंगावर घेतल्यास घामाचा दाम नोंदवहीत उतरेल आणि कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्ष कामगाराच्या घरापर्यंत पोहोचेल.