घोडामैदान लांब आहे

वाद रंगात आला की मराठी माणूस हटकून म्हणतो, ‘बघू या, घोडामैदान जवळच आहे!’ रायपूरच्या मराठी माणसाला मात्र हे शब्दशः म्हणण्याची सोय नाही. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर रायपूरहून पश्चिमेला निघालं तर सुमारे ११०० किलोमीटरवर महालक्ष्मीचं रेसकोर्स लागतं. पूर्वेला निघालं तर सुमारे ८०० किलोमीटरवर कोलकात्याच्या मैदानातलं रेसकोर्स. एकाच रुळाच्या दोन टोकांना देशातली दोन जुनी घोडामैदानं आहेत आणि मधल्या रायपुरात एकही नाही.

गंमत अशी की मराठी माणूस छत्तीसगडात पोचला तो घोड्यावरूनच. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा वाटेत रतनपूर त्यांच्या घोडदळाच्या टाचेखाली आलं. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार पाहिला. इंग्रजांच्या अमदानीत १८१८ मध्ये मुख्य ठाणं रायपूरला हललं. तात्यापाऱ्यासारख्या वस्तीच्या नावात तो मराठी वावर अजून शिल्लक आहे. १८९४ मध्ये जबलपूरहून इथे आलेल्या राजकुमार कॉलेजात संस्थानिकांची मुलं शिकत, आणि संस्थानिकाच्या मुलाला लगाम धरता येत नाही असं तेव्हा चालतच नसे. घोडा होता, स्वार होते, हौस होती. तरीही चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात क्रिकेटवर तासभर बोलणारे पाचपन्नास जण सहज भेटतील, पण घोड्यांच्या शर्यतीवर दहा मिनिटं बोलणारा शोधावा लागेल.

याचं कारण शर्यतीचा शौकीन घडतो कसा, त्यात आहे. क्रिकेट गल्लीत खेळता येतं, कबड्डी शाळेच्या मैदानात, कुस्ती तालमीत. घोड्यांची शर्यत गल्लीत खेळता येत नाही. ती मुळात खेळायचीच नाही, बघायची आहे, आणि बघायलाही कुणीतरी बोट धरून न्यावं लागतं. मुंबई-पुण्यातल्या जुन्या शौकिनांच्या गोष्टी ऐकल्या तर सुरुवात बहुतेक वेळा सारखीच निघते. कुणाला काकांनी ‘चल, घोडे दाखवतो’ म्हणून नेलेलं असतं. कुणाला ऑफिसातल्या हेडक्लार्कनं पगाराच्या आठवड्यात ओढलेलं असतं. कुणाच्या घरी वडील रविवारी सकाळी पेपरातल्या टिपांवर पेन्सिलीनं खुणा करत बसलेले असतात आणि त्या खुणांचा अर्थ काय, या कुतूहलातून पोरगं अडकतं. एकट्यानं, स्वतःच्या मनानं रेसकोर्सची पायरी चढलेला माणूस विरळा.

अंतराचाही हात असतो; मुंबई-पुणेकराला घोडामैदान खरोखरच जवळ आहे. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासूनचं. त्याच्या एका अंगाला हाजीअलीचा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गिरणगाव. मेंबर्स स्टँडमध्ये टोप्या, सूट, परदेशी अत्तरं. सेकंड एन्क्लोजरमध्ये चपला, घामेजलेले शर्ट आणि कानाला लावलेलं पेन. ‘रेस हा श्रीमंतांचा शौक’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. घोडे श्रीमंतांचे, हे खरं. पण शर्यतीच्या दिवशी आवाज असतो तो बसनं आणि लोकलनं आलेल्यांचा. पुण्यात कॅम्पातलं रेसकोर्स त्याहूनही जुनं, १८३० चं, लष्कराच्या जमिनीवरचं. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असं हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. घोडे, जॉकी, मोतद्दार सगळं बिऱ्हाड घाट उतरतं आणि चढतं, आणि कट्टर शौकीन डेक्कन क्वीननं त्यांच्या मागोमाग.

पहिल्यांदा गेलेल्याला काय दिसतं? शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये येतात. मोतद्दार लगाम धरून त्यांना गोल गोल फिरवतो. अंगावर घाम किती आहे, कान कुठे आहेत, चाल मोकळी आहे की आखडलेली, हे जाणकार इथेच बघून घेतात. मग रंगीत सदऱ्यातले जॉकी येतात, उचलून खोगिरावर बसवले जातात, घोडे स्टार्टिंग गेटकडे जातात. तोवर टोटच्या, म्हणजे अधिकृत पैजेच्या, खिडक्यांपुढे रांगा लागलेल्या असतात आणि बुकींच्या रिंगमध्ये भाव क्षणाक्षणाला हलत असतात. गेट उघडतं. ‘सुटले!’ १२०० मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते. त्यातलं पहिलं मिनिटभर लोक पुटपुटत असतात. शेवटच्या वळणानंतर सगळं स्टँड उभं राहतं आणि आपापल्या घोड्याचा नंबर किंवा जॉकीचं नाव घेऊन बेंबीच्या देठापासून ओरडतं. मग एकदम शांतता, आणि जमिनीवर फाडलेल्या तिकिटांचा पाचोळा.

खरा शौकीन कोण, हे त्या पाचोळ्यानंतर कळतं. नुसता पैसे लावायला आलेला माणूस पुढच्या खिडकीकडे धावतो. शौकीन खिशातून रेसबुक काढून आपलं कुठे चुकलं ते शोधू लागतो. हे रेसबुक म्हणजे नवख्याला पंचांगाइतकंच दुर्बोध प्रकरण. घोड्याचे आईबाप, वय, आधीच्या शर्यतींतले क्रमांक, कुठल्या गेटमधून सुटणार, जॉकी कोण, ट्रेनर कोण, आणि पाठीवर वजन किती. या वजनात सगळी मेख आहे. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात, कमी कुवतीच्याला कमी. समजा एकावर ५९ किलो, दुसऱ्यावर ५१. जॉकी हलका असेल तर शिशाचे तुकडे घालून भरपाई करतात. म्हणजे कागदावर सगळे घोडे एका रेषेत आणायचा प्रयत्न हँडिकॅपरनं केलेला असतो आणि त्याची चूक कुठे झाली हे शौकिनाला हुडकायचं असतं. हिशेबाची आवड असलेला माणूस या जाळ्यात अडकला की सुटत नाही.

या हिशेबाला न्यायालयाचीही मोहोर आहे. तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९६ मध्ये सांगितलं की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. घरोघरच्या गृहिणींना हा निकाल मान्य झाला असेल असं वाटत नाही. शनिवार-रविवारी पगाराचं पाकीट हलकं करून येणाऱ्या माणसाचं कौशल्य त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. शर्यतीच्या नादानं घरं बसली, हेही या खेळाच्या इतिहासातलंच पान आहे आणि ते फाडून टाकण्यात अर्थ नाही.

मराठी माणसाचा या खेळाशी संबंध मात्र खिडकीपुरता नाही. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली, ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं. तिचे मालक बडोद्याचे गायकवाड महाराज. याच प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एका शिंगराला २८,००० गिनी मोजल्या. त्या काळी तो विक्रम होता. शिंगराचं नाव ठेवलं ‘सयाजीराव’. १९४७ मध्ये त्यानं आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. इकडे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी तिकडे इंग्रजी वार्ताहर ‘सयाजीराव’चा उच्चार करताना अडखळत असतील, ही कल्पना सुखावणारी आहे. मालकांच्या यादीत गायकवाड, शिंदे, कोल्हापूरकर, तर खोगिरावर पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे. सेकंड एन्क्लोजरमधल्या मराठी प्रेक्षकाला मालकाशी देणंघेणं नव्हतं. पण ‘आपला खाडे’ जिंकतोय म्हटल्यावर तो घसा फोडून ओरडे. अनेकांचं या खेळाशी नातं जुळलं ते घोड्यामुळे नव्हे, अशा एखाद्या नावामुळे.

तबेल्यातून जुळलेली नाती वेगळीच. पुण्याच्या पूनावाला घराण्याचा स्टड फार्म १९४६ चा. तिथले वय झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरची, धनुर्वातावरची प्रतिविषं तयार होत. घोडे आपले, मग हे काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी केली. सिरमची कोविड लस टोचून घेतलेल्या कोट्यवधी भारतीयांपैकी किती जणांना ठाऊक असेल की त्या कुपीच्या मागे कुठेतरी रेसमधून निवृत्त झालेला घोडा उभा आहे?

शौकीन जिंकणाऱ्याच्याच मागे लागतो हा समज जपाननं खोटा ठरवला. तिथल्या कोची या आडबाजूच्या शहरातल्या रेसकोर्सवर हारू उरारा नावाची घोडी होती. ती हरायची. दर वेळी हरायची. तिचे ऐंशी-नव्वद पराभव झाले तेव्हा, २००३ मध्ये, वर्तमानपत्रांचं लक्ष गेलं आणि कर्जात बुडालेल्या त्या रेसकोर्सवर माणसं लोटली. तिच्यावर लावलेलं तिकीट लोक गाडीत ताईत म्हणून ठेवू लागले, कारण जपानीत ‘न लागणं’ या एकाच शब्दाचा अर्थ पैज न लागणं असाही होतो आणि धडक न लागणं असाही. मार्च २००४ मध्ये देशातला सर्वांत नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. ११ घोड्यांत ती दहावी आली. ११३ शर्यती, विजय शून्य. पुढे २०२१ मध्ये जुन्या घोड्यांना मुलींच्या रूपात दाखवणारा ‘उमा मुसुमे’ हा मोबाइल गेम आला आणि ज्यांनी कधी घोड्याला हात लावला नाही अशी तरुण पोरं खऱ्या घोड्यांची वंशावळ पाठ करू लागली. काकांच्या जागी मोबाइल आला, एवढाच फरक.

रायपूरच्या मराठी घरांतही शर्यतीचं वेड अगदी नाही असं नाही. फक्त ते घोड्याचं नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेल्या कुटुंबांना विचारा, शंकरपट म्हटल्यावर म्हाताऱ्यांचे डोळे चमकतील. हिवाळ्यात गावाबाहेरच्या दाणीवर, म्हणजे धावपट्टीवर, बैलजोड्या सुटतात, छकड्यावर हाकणारा धुरकरी, वेळ सेकंदाच्या तुकड्यात मोजली जाते, आणि रात्री त्याच गावात झाडीपट्टीचं नाटक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं हे थांबलं होतं, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. पटाचा शौकीनही घडतो तो बापाच्या खांद्यावर बसूनच. जोडीची चाल, मानेची ठेवण, धुरकऱ्याचा हात यांवर त्याची जी चर्चा चालते, ती पॅडॉकच्या कठड्याशी चालणाऱ्या चर्चेहून फार निराळी नसते.

घोड्यांच्या शर्यतीचं नाव काढलं की रायपुरात आज पहिली आठवण होते ती सट्ट्याची. त्यात नवल नाही. शेजारच्या भिलाईशी जोडलेलं ‘महादेव’ बेटिंग ॲपचं प्रकरण २०२३ मध्ये देशभर गाजलं आणि केंद्रानं त्या ॲपवर बंदी घातली. पण मोबाइलवर आकडा दाबणारा आणि घोड्याची चाल वाचणारा यांना एका दावणीला बांधणं बरोबर नाही. सरकारनं करापुरतं तरी त्यांना एकत्र बांधलंच आहे: सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीवरच्या पैजेला कॅसिनो आणि लॉटरीप्रमाणेच ४० टक्के जीएसटी आहे. एवढा कर भरून अधिकृत खिडकीवर उभं राहणारा माणूस चोरट्या बुकीकडे वळणार नाही, असं मानायला फारच भाबडेपणा हवा. तिकडे महालक्ष्मीच्या २११ एकरांतले १२० एकर मुंबईच्या सार्वजनिक उद्यानासाठी गेले आहेत, शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे ९१ उरले. घोडे अजून धावतात. बोट धरून नेणारे काका मात्र कमी झाले आहेत.

तेव्हा रायपूरहून कुणाला हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल, तर पुण्याचा हंगाम पावसाळ्यात आणि मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल. डर्बी साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. मुंबईच्या गाडीनं दादरला उतरा, पश्चिम रेल्वेची लोकल पकडून महालक्ष्मीला जा. आणि पहिल्या शर्यतीला खिडकीकडे अजिबात फिरकू नका. पॅडॉकच्या कठड्याला टेकून घोडे बघा, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, ‘काका, यातला कुठला?’ तो अर्धा तास सांगेल. त्याचा घोडा लागेलच असं नाही.