आठशे पन्नास मीटर

(टी. ई. मेकॅनिकल)

आधी एक सोप्पा प्रश्न. लेडीज होस्टेलच्या गेटपासून मेन बिल्डिंगच्या पायऱ्यांपर्यंत अंतर किती? मी मेसमध्ये जेवताना सगळ्यांना विचारलं. कुणी दीड किलोमीटर म्हणालं, कुणी दोन. फायनल इयरची एक ताई नुसतंच "खूऽऽप आहे गं!" म्हणाली. ती रोज स्कूटीवर जाते. मग सिव्हिलच्या दोघी मैत्रिणींनी रविवारी सकाळी टेप लावून मोजलं. आठशे पन्नास मीटर! तीनदा मोजलं, कारण आमचा आमच्यावरच विश्वास बसेना.

मग दुसरा प्रयोग केला. सकाळी पावणेनऊला आम्ही तिघी एकाच वेळी रूमला कुलूप लावून निघालो. रूममेट स्कूटीवर, मी सायकलवर, तिसरी चालत. शर्यत वर्गाच्या दारापर्यंत. चालणारी ११ मिनिटांत पोचली, मी ६, आणि स्कूटी ७! यात काही जादू नाही. किल्ली शोधा, तीन गाड्या सरकवून आपली बाहेर काढा, मागच्या गेटने वळसा घाला (गाड्यांना पुढून बंदी आहे), पार्किंगमध्ये जागा शोधा आणि तिथून पुन्हा चालत या. गाडी पळते ती फक्त मधली दोन मिनिटं. आणि मेकॅनिकलवाली म्हणून सांगते, एवढ्याशा अंतरात इंजिन धड तापतसुद्धा नाही. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय नीट काम करत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ च्या आहेत, पण त्यांनाही सुरुवातीची मिनिटं चुकत नाहीत. आपण तर रोज फक्त सुरुवातीचीच मिनिटं गाडी चालवतो.

आता सायकलबद्दल थोडंसं. चालताना प्रत्येक पावलाला आपण आपलं अख्खं शरीर थोडं वर उचलतो आणि पुन्हा खाली सोडतो. त्या उचलण्यात गेलेली बरीचशी शक्ती परत मिळत नाही. सायकलवर वजन सीटवर असतं, पाय फक्त फिरवायचे. ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये हिशोब मांडला होता. तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला सायकलस्वाराला चालणाऱ्याच्या साधारण एक पंचमांश शक्ती लागते. प्राणी, पक्षी, यंत्रं या सगळ्यांच्या यादीत सायकलवरचा माणूस पहिला!

"हे सगळं ठीक आहे, पण येताना चढ आहे ना!" असं मला दहा जणींनी ऐकवलं. म्हणून सिव्हिलवाल्यांचं ऑटो लेव्हल पुन्हा बाहेर काढलं. लायब्ररीच्या वळणापासून ६०० मीटरमध्ये रस्ता ९ मीटर चढतो, म्हणजे दीड टक्का. मी आणि माझी सायकल मिळून ८० किलो धरा (मी किती त्यातली, ते विचारू नका). चढाविरुद्ध लागणारा जोर साधारण १२ न्यूटन, आणि ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने त्याला ३३ वॅट लागतात. धडधाकट माणसाला हे जड नाही. मग दम का लागतो? कारण चाकात हवा नसते! नीट फुगलेलं टायर साध्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या ०.००६ पट विरोध करतं असं धरा. हवा कमी झाली की हा आकडा सहज दुप्पट होतो. ही वाढ म्हणजे दर शंभर मीटरला साठ सेंटिमीटरचा जादा चढ. जातानाही चढ, येतानाही चढ! होस्टेलमागच्या शेडमध्ये अकरा सायकली आहेत. मी एकेक टायर दाबून बघितलं. हवा होती तिघींच्यात.

बाकीच्या आठ का पडून आहेत, हे मी ज्यांच्या त्यांना जाऊन विचारलं. मला वाटलं होतं, आळस हेच उत्तर येणार. पण पंक्चरचं दुकान हायवेपलीकडे आहे आणि हायवे ओलांडायची भीती वाटते, असं चौघींनी सांगितलं. एकीची ओढणी चेनमध्ये अडकून ती पडली होती, तेव्हापासून बंद. एकीचं सीटच चोरीला गेलं! उरलेल्या दोघी म्हणाल्या की लायब्ररीतून रात्री नऊला परत येताना वळणावरचे दिवे बंद असतात, म्हणून त्या स्कूटीवाल्या मैत्रिणीच्या मागे बसतात. त्या वळणावर मीसुद्धा भराभर चालते, खोटं कशाला बोलू?

माझा स्वतःचा किस्सा वेगळाच. कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या तासाला आम्हाला सायकल म्हणजे दुचाकी असं शिकवलं होतं. फर्स्ट इयरला मेन बिल्डिंगमागे 'दुचाकी पार्किंग' अशी पाटी वाचून मी मोठ्या विश्वासाने सायकल तिथे लावली. चार वाजता येऊन बघते तर ती भिंतीला टेकवलेली. वॉचमन काका म्हणाले, "ताई, हे दुचाकीसाठी आहे." तेव्हा हसू आलं होतं. पण अख्ख्या मेन बिल्डिंगला सायकल लावायची एकही जागा नाही, हे त्या दिवशी कळलं.

तर सांगायचा मुद्दा हा, की नुसतं "सायकल वापरा" म्हणून पोस्टर लावून काही होत नाही. नुसत्या सायकली आणूनही होत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात औंधला आणि पुणे विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाईलवर कुलूप उघडायचं, फिरवायची, सोडून द्यायची. सुरुवातीला गर्दी उडाली. मग मोडतोड झाली, कंपन्यांनी काढता पाय घेतला आणि दोन-तीन वर्षांत योजना बारगळली. दुरुस्त कोण करणार, ठेवायच्या कुठे, हे प्रश्न तिथेही होतेच.

याउलट खरगपूरचं आयआयटी घ्या. माझा मावसभाऊ तिथे होता. दोन हजार एकरांहून मोठं आवार, जमीन सपाट, आणि मुलांना मोटारगाड्या ठेवायला परवानगी नाही. त्यामुळे सायकलच! पण तो सांगतो, बंदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सायकल दुरुस्तीची दुकानं कॅम्पसच्या आतच आहेत आणि प्रत्येक हॉलला स्टँड आहे. पास होऊन जाणारा आपली खटारा ज्युनियरला विकून जातो. त्याने स्वतः घेतली तेव्हा ती आधी कितीजणांनी चालवली होती, त्यालाच माहीत नव्हतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने तर हे आधीच ओळखलं. १९६० च्या दशकात विद्यापीठ वाढत होतं. कुलगुरू एमिल म्रॅक यांनी आराखडा करणाऱ्यांना सांगून टाकलं, की आवार सायकलवाल्या मुलांसाठी आखा. मधला भाग मोटारींना बंद केला. १९६७ मध्ये डेव्हिस गावाने रस्त्यावर सायकलसाठी वेगळे पट्टे आखले, अमेरिकेतले पहिले. पुढे वेगळीच अडचण आली. तास सुटला की चारी बाजूंनी हजारो सायकली एकाच चौकात! त्यावर त्यांनी सिग्नल नाही बसवले, सायकलींसाठी छोटी गोल वर्तुळं बांधली. सगळ्यांनी एकाच दिशेने फिरत जायचं, थांबायची गरज कमी. आपल्या प्रॉब्लेमच्या मानाने केवढा गोड प्रॉब्लेम, नाही?

आता आपल्याकडची खरी गोष्ट. मेन बिल्डिंगकडे येणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताला कडुलिंबाची चौदा झाडं आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्यावर चुन्याने आकडे टाकलेत, १ ते १४. मागचं पार्किंग पुरत नाही म्हणून ती जागा नव्या पार्किंगला धरली आहे. एप्रिलमध्ये अकरा मिनिटं चालणं जमतं ते त्या सावलीमुळे. मी स्वतः दुपारी दोनला दोन्ही बाजूंनी चालून बघितलं. उजवीकडून आले तेव्हा प्रॅक्टिकलला बसवेना. झाडं गेली की आज चालणाऱ्याही गाड्या घेणार, आणि मग हेही पार्किंग पुरणार नाही. सरळ त्रैराशिक आहे. मेसच्या मावशी तर रोज सकाळ-संध्याकाळ याच रस्त्याने चालत येतात. त्यांना कुणी विचारलं का, माहीत नाही... निदान मी तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचं काय बाई, आमी छत्री घिऊ."

परवा आम्ही काही जणी रेक्टर मॅडमकडे गेलो होतो. मागण्या मोठ्या नव्हत्या. वळणावरचे तीन दिवे, मेन बिल्डिंगला तीस सायकलींचा स्टँड (एका कारच्या जागेत सहज आठ-दहा सायकली मावतात, म्हणजे तीन-चार गाड्यांची जागा झाली), आणि झाडांबद्दलचा निर्णय मुलांशी बोलून. स्टँड आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलला बनवता येईल असं आम्ही म्हणालो. सरांना विचारलंय, ते "बघू" म्हणालेत. मॅडमनी दिव्यांचं लगेच लिहून घेतलं. झाडांचं वर विचारते म्हणाल्या. त्यासाठीचं निवेदन लायब्ररीच्या काउंटरवर ठेवलंय, परीक्षेच्या आधी सह्या हव्यात. स्टाफनेही कराव्यात, सरांच्या गाड्यासुद्धा त्याच कडुलिंबांखाली उभ्या असतात!

आणि एक झालं. मेसच्या शिल्लक पैशांतून पायपंप, पाने, पंक्चरचं सोल्युशन आणि पॅचेस आणलेत. सगळं होस्टेलच्या वॉचमन काकांच्या केबिनमध्ये आहे. वहीत नाव लिहून न्यायचं. शनिवारी पाचनंतर मी शेडमध्ये असते, पंक्चर काढायला शिकवीन. फक्त पंप नेलात तर परत आणून ठेवा, पहिला पंप आठ दिवसांत गायब झालाय.