घंटी, वॉकीटॉकी आणि वाचून दाखवणारा माणूस

यवतमाळच्या बसस्टँडवर एखाद्या अंध पोरानं ‘मी हिमालयात सायकल चालवायले जातो’ म्हटलं, तर पुढचा सवाल ठरलेला: ‘अन् दिसन कसं बे तुले?’ सवाल चूक नाही. आपण उत्तर ऐकायला थांबत नाही, एवढंच.

खरं तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात हे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे. माधानचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. नवव्या महिन्यात त्यांचे डोळे गेले. १९१५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा मागे शंभरावर ग्रंथ होते. वेदान्तावर लिहिलं, डार्विन-स्पेन्सर यांच्याशी वाद घातला, ‘नावंग’ नावाची स्वतंत्र भाषाही रचली. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ ची. म्हणजे बोटांनी वाचायची सोय त्यांच्या वाट्याला आलीच नाही. कुणी वाचून दाखवायचं, ऐकलेलं डोक्यात साठवायचं, मग सांगायचं आणि दुसऱ्यानं उतरवून घ्यायचं. भक्तांना यात चमत्कार दिसतो. मला मात्र ही कामाची वाटणी जास्त ओढते. स्मरणशक्ती त्यांची अफाटच, पण समोर पोथी धरून बसणारा माणूसही रोज लागत असणार.

आजची साहसंही अशीच चालतात. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूनं गेली. पुढे ते एकट्यानं पॅराग्लायडिंग करणारे भारतातले पहिले अंध वैमानिक ठरले. यात डोळ्यांवाचून बरंच कळतं: वारा गालावर लागतो, डोक्यावरच्या पंखाची ओढ हातातल्या दोऱ्यांत जाणवते. अडतं ते जमीन किती खाली राहिली, इथे. ते प्रशिक्षक वॉकीटॉकीवरून सांगतो.

मनालीहून खारदुंगला गाठणारी सायकलस्वारीही गणात्रांनी केली, दोन सीटांच्या टँडमवर. पुढचा हँडल, ब्रेक आणि रस्ता सांभाळतो; मागच्याला नुसतं पेडल मारायचं असतं. ‘नुसतं’ म्हटलं खरं, पण त्या चढावर दम दोघांचाही निघतो. अमेरिकेचा अंध एरिक वाइहनमायर २००१ मध्ये एव्हरेस्टवर पोचला, तो पुढच्या गिर्यारोहकाच्या घंटीमागे पावलं टाकत.

मग आपल्याकडे, यवतमाळात काय अडलं आहे? पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात आधी कानांवरच आदळतो. टिपेश्वरच्या जंगलात वाघ दिसण्याआधी वानराचा खाकरा आणि चितळाची हाक ऐकू येते. जाणता गाइडसुद्धा गाडी थांबवून आधी कानच टवकारतो. तिथली सफारी अंध माणसाला वाया जाईल, असं म्हणणाऱ्यानं एकदा जिप्सीत डोळे मिटून बसून पाहावं.

अंध माणसाच्या बेताला टाळ्यांची फार गरज नसते. त्याला एक सोबती हवा असतो, सरावाला वेळ हवा असतो आणि पडला तर पडू देण्याची मोकळीक. तेव्हा ‘दिसन कसं?’ जरूर विचारा. त्यालाच जोडून पुढच्या सीटवर कोण बसणार, तेही विचारा. कुणी मिळालं नसेल, तर रविवार तुम्हालाही मोकळाच असतो.