कर्बाचा बाजार आणि इंजिनिअरचा काटा

पांढुर्ण्यास सोयाबीनची गाडी दुकानासमोर लागली की आम्ही आधी भाव बोलत नाही. मूठभर दाणे ओलावा मोजण्याच्या यंत्रात घालतो. आकडा बाराच्या वर गेला की पाण्याचे पैसे कोणी द्यावयाचे, हा तंटा उभा राहतो. कर्बाच्या व्यापाराविषयी लिहावयास बसलो आणि आम्हांस प्रथम हेच यंत्र आठवले.

ह्या व्यापारात माल दिसत नाही. हवेत जाऊ न दिलेला एक टन कर्बवायू म्हणजे एक क्रेडिट. जो धूर निघालाच नाही त्याचे वजन करावयाचे, आणि ते काम इंजिनिअरचे! सुधारणा केली नसती तर किती धूर निघाला असता, हे तो हिशेबाने काढतो. सारा सौदा त्या एका आकड्यावर.

क्योटो करारानंतरच्या बाजारात ह्या आकड्याने बराच घोळ घातला. शीतयंत्रांतील एक वायू बनविताना एचएफसी-२३ हा वायू आपोआप निघतो. त्याचा एक टन कर्बवायूच्या ११,७०० टनांबरोबर धरला जाई. तो नष्ट करण्याची क्रेडिटे इतकी किफायतशीर ठरली की, काही कारखाने क्रेडिटांसाठीच उत्पादन वाढवितात असा आक्षेप आला. युरोपने मे २०१३ पासून ती क्रेडिटे नाकारली. धान्यास पाणी मारून वजन वाढविणाऱ्यांची ही जात आमच्या ओळखीची आहे. मंदी आणि मालाचा पूर यांमुळे भावही पडलाच होता. २००८ साली वीस युरोंवर गेलेले क्रेडिट २०१२ अखेर एका युरोच्या खाली आले.

आता २०२३ साली, म्हणजे पांढुर्णा व सौंसर मिळून आपला जिल्हा झाला त्याच वर्षी, भारत सरकारने स्वतःची कर्ब-व्यापार योजना जाहीर केली आहे.

सौंसरकडील आमच्या एका स्नेह्यांच्या डाळमिलीत मध्यंतरी इंजिनिअर आले होते. कामाच्या मानाने मोटार मोठी आणि पट्टे सैल, असे त्यांनी दाखविले. दुरुस्ती होताच विजेचे बिल उतरले. आम्ही विचारले, "साहेब, क्रेडिटे किती?" ते हसले. विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू. तेव्हा एका क्रेडिटास चौदाशेवर युनिटे वाचवावी लागतात. चार-सहा क्रेडिटांसाठी तपासणीचा खर्च कोण करील?

म्हणून दहा-वीस मिलींनी एकत्र हिशेब मांडावा आणि आपल्या संघटनेने त्यासाठी इंजिनिअर नेमावा, अशी आमची सूचना आहे. मात्र त्यास ठराविक वेतन द्यावे, क्रेडिटांवर अडत देऊ नये. काटा धरणाऱ्यास मालात वाटा दिला की काय होते, हे आपणांस सांगावयास नको.