विदर्भाचा रणजी करंडक आणि आमचे आबाजी

या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते आणि खोडकिडा यांवर लिहितो. या खेपेला विषय क्रिकेटचा आहे.

घाटंजीचा मुलूख कापूस-तुरीचा. ऊस विहिरीला पाणी असेल तिथेच. अशाच एका विहिरीवर आमचे एक वृद्ध सभासद एकर-दीड एकर ऊस राखतात. आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. त्यांना दोनच नाद: लागवड आणि विदर्भाचा रणजी संघ. भारत जिंकला की सगळा गाव फटाके फोडी; आबाजी मात्र वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर कोपऱ्यातला बारीक टाईप शोधत. तिथे बहुतेक विदर्भ हरलेलाच असायचा. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ रणजीत खेळतोय, पण पुढची साठ वर्षे अंतिम सामन्याचे तोंड पाहिले नाही. पारावरची मंडळी थट्टा करीत, "आबाजी, तुमचे पोट्टे आज किती धावांनं पडले?" ते हसून न्यायचे. हा नाद लावला तो त्यांच्या थोरल्या भावाने, आणि तो भाऊ केव्हाच गेला.

मग २०१७-१८ चा हंगाम आला. फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर उपान्त्य सामन्यात कर्नाटकला जिंकायला १९८ हवे होते. ते १९२ वर आटोपले. पाच धावांनी सामना! रजनीश गुरबाणीने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले. हा गडी स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. ऊसतोडीचे दिवस होते, आम्ही नोंदीसाठी गेलो तर आबाजींनी उसाचा विषयच काढू दिला नाही. "साहेब, कारखाना कुठी पळून नाही जात. बसा."

अंतिम सामना इंदूरला, दिल्लीशी. गुरबाणीने हॅट्‌ट्रिक घेतली, तिघांचेही त्रिफळे उडवून. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅट्‌ट्रिक त्यापूर्वी फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ मध्ये घेतली होती. दिल्लीच्या २९५ ला विदर्भाने ५४७ चे उत्तर दिले. अक्षय वाडकरचे १३३. १ जानेवारी २०१८ ला, चौथ्याच दिवशी, वसीम जाफरने चौकार मारून नऊ गड्यांनी सामना संपविला. जाफर मुंबईचा म्हणून कुणी नाक मुरडले, तर आम्हाला ते पटत नाही. चांगले बेणे बाहेरून आणले तरी रान आपलेच असते, आणि वाळणीच्या कोळसा-खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव तर अस्सल इथलाच. विदर्भाचा पहिला कसोटीपटू तोच, २०११ सालचा.

त्या संध्याकाळी आबाजींनी पाच किलो पेढे आणवले आणि पारावर स्वतः वाटले. थट्टा करणाऱ्यांना दोन-दोन दिले. "पोट्ट्यायनं नाव काढलं," एवढेच म्हणत होते. पेढे संपले तसे जरा बाजूला जाऊन बसले. आम्ही जवळ गेलो तर म्हणाले, "थोरल्याले पाहाले भेटलं पाह्यजे होतं, साहेब."

पुढच्याच वर्षी विदर्भाने सौराष्ट्राला नागपुरात हरवून करंडक राखला. २०२४ ला मुंबईकडून अंतिम सामना हरला; आबाजी दोन दिवस बोलले नाहीत. २ मार्च २०२५ ला केरळशी सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक आला. कर्णधार तोच वाडकर. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम.

त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात करुण नायरने विदर्भासाठी १३५ केले. आबाजी विचारात पडले. "हा थोच ना? कलकत्त्यात कर्नाटकाकडून दीडशे मारून आपला घाम काढला होता!" आम्ही हो म्हटले. "मग आता माफ," म्हणाले, आणि पेढ्याचा पुडा आमच्याकडे सरकविला.