जुन्या पुस्तकांचा ठावठिकाणा

मराठी पुस्तकं जमवायला निघालेल्या माणसाने पहिला खर्च शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’वर करावा. बाकीची पुस्तकं मागाहून. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची ही विषयवार सूची १९४४ साली निघाली आणि १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ साली आला. संगणक नव्हता, ग्रंथालयांच्या याद्या धड नव्हत्या, तेव्हाचं हे काम. दाते १९६४ साली साठीच्या आतच गेले. पुढच्या वर्षांची सूची करण्याचं काम शरद केशव साठे यांनी अंगावर घेतलं, हे आपलं नशीब.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात मात्र दात्यांचं नाव भलत्याच कामाला येतं. ‘हे दात्यांत नाही’ असं विक्रेत्याने म्हटलं की किंमत दुप्पट झालीच म्हणून समजा. दात्यांत नाही याचा अर्थ त्यांच्याकडे नोंद झाली नाही, एवढाच. पुस्तक दुर्मीळ आहे का, हा प्रश्न वेगळा. मोलाचं आहे का, हा त्याहून वेगळा.

दात्यांच्या मागे जायचं तर सरकारी कागद धुंडाळावे लागतात. मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंतच्या देशी भाषांतल्या पुस्तकांची यादी करवून घेतली होती. पण संग्राहकाची खरी चंगळ आहे ती १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानंतर. या कायद्याने छापलेलं प्रत्येक पुस्तक सरकारात नोंदवणं भाग पडलं आणि त्याच्या तिमाही याद्या गॅझेटसोबत निघू लागल्या. तिथली एकेक आडवी ओळ वाचत बसावं. पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा, विषय, छापखाना, प्रकाशक, पानं, आकार, आवृत्ती, शिळाछाप की टाइपाचं, किंमत, हक्क कोणाचा आणि मुख्य म्हणजे प्रती किती काढल्या. लेखकाने प्रस्तावनेत ‘लोकाग्रहास्तव’ म्हणून छाती फुगवलेली असते आणि यादीत प्रतींचा आकडा बघितला की हसू येतं. मराठी वाचकवर्ग केवढा होता, हे सांगणारा इतका रोखठोक पुरावा दुसरा नाही.

या याद्यांना एक मोठं भोक आहे. कायदा ब्रिटिश मुलखाचा, त्यामुळे बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथे छापलेलं मराठी पुस्तक मुंबईच्या यादीत सापडायचं नाही. नागपूरचं शोधायचं तर मध्य प्रांताच्या यादीत. गोवा तर पोर्तुगिजांकडे. एखादं पुस्तक मुंबईच्या यादीत मिळालं नाही म्हणून हताश होण्याआधी ते कुठल्या गावी छापलंय, ते पाहावं.

१८६७ च्या आधीच्या पुस्तकांना आपल्याकडचे अभ्यासक दोलामुद्रिते म्हणतात आणि त्या प्रांतात अनंत काकबा प्रियोळकरांशिवाय पान हलत नाही. त्यांचा ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ १९५८ सालचा. गोव्यात १५५६ साली आलेला छापखाना, १८०५ साली सेरामपूरला छापलेलं विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण, तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली निघालेली ‘बालबोध मुक्तावलि’, हे सगळं त्यांनी कागदपत्रांनिशी मांडलं आहे. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन छापील आवृत्त्या झाल्या, पण त्यांतली एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. उद्या कोणी ‘मूळ प्रत’ म्हणून दाखवायला आणलं तर आधी प्रियोळकर वाचावेत, मग पाकिटाला हात घालावा.

लंडनमधल्या मराठी पुस्तकांसाठी ब्लुमहार्टची कॅटलॉगं आहेत, ब्रिटिश म्युझियमचं १८९२ चं आणि इंडिया ऑफिसचं १९०८ चं. त्यांत नावं रोमन लिपीत, त्यामुळे ‘श’, ‘ष’, ‘स’ यांसाठी त्याने कोणती खूण वापरली ते आधी समजून घ्यावं लागतं. नियतकालिकं जमवणाऱ्यांसाठी दाते, काळे आणि बर्वे यांची १८०० ते १९५० ची सूची आहे. लेखक नेमका कोण, हे ठरवायला ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’ जवळ हवा. राम गणेश गडकऱ्यांचे ‘गोविंदाग्रज’ आणि ‘बाळकराम’ सगळ्यांना ठाऊक असतात, विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर हेही; गोंधळ होतो तो खालच्या फळीतल्या टोपणनावांचा. प्रकाशकांच्या माहितीसाठी शरद गोगटे यांचं ‘मराठी ग्रंथप्रकाशनाची २०० वर्षे’ वाचावं.

जिला संग्राहक संदर्भग्रंथ मानतच नाहीत, पण जिच्यावाचून पदोपदी अडतं, ती म्हणजे शकाच्या मितीला इसवी सनाची तारीख जुळवून देणारी जंत्री. मुंबईचे छापखानदार गणपत कृष्णाजी यांच्या काळातल्या शिळाछाप पुस्तकावर बहुधा शकच असतो. शके १७७६ दिसलं की १८५४ लिहून मोकळे होणारे खूप. मिती चैत्र ते कार्तिकातली असेल तर ७८ मिळवून चालतं. माघ-फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे तेच पुस्तक १८५५ चं. मार्गशीर्ष आणि पौष हे दोन सालांच्या सांध्यावरचे महिने, तिथे तिथी पाहून बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री उघडण्याला पर्याय नाही.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापाशीही असाच घोळ होतो. पहिली आवृत्ती १८३१ ची, बरीच वाढवलेली दुसरी १८५७ ची, बाबा पदमनजींनी केलेला संक्षेप वेगळा आणि पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाचं पुनर्मुद्रण १९७५ चं. पुनर्मुद्रणाचं पहिलं पान फाटलेलं असलं की ते ‘जुनं मोल्सवर्थ’ म्हणून खपतं. कागद बोटांनी चाचपला तरी शंका फिटते.

एवढं सगळं असून एक उणीव राहतेच. आपल्या सूची पुस्तक निघालं होतं एवढं सांगतात. ते दिसत कसं होतं, हे सांगत नाहीत. मुखपृष्ठ कोणाचं, बांधणी कापडी की कागदी, पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत बाहेरून फरक काय, याची नोंद कुठेच नाही. इंग्रजीत जॉन कार्टरने संग्राहकांच्या परिभाषेचा छोटा कोश १९५२ सालीच करून ठेवला. आपल्याकडे चित्रकार दीनानाथ दलालांनी काढलेल्या मुखपृष्ठांची पुरी यादीसुद्धा विचारल्यावर हाती पडत नाही. माझ्या मते हे काम विद्यापीठांकडून व्हायचं नाही, ते संग्राहकांनीच करायला हवं. याला पैसा फार लागत नाही. शीर्षकपान, मलपृष्ठ आणि किंमत छापलेली जागा यांचे फोटो काढून, सोबत चार ओळींची नोंद लिहून जवळच्या जुन्या ग्रंथालयाला द्यावी.

ही उणीव वाढवण्यात आपल्या बाइंडिंगवाल्यांचा हात मोठा आहे. मूळ मुखपृष्ठ फाडून टाकायचं आणि पुठ्ठ्यावर कापड चढवायचं, ही त्यांची जुनी सवय. तेव्हा घरातलं एखादं जुनं पुस्तक बांधायला देणार असाल, तर मुखपृष्ठ आणि जाहिरातींची मागची पानं आतच बांधायला बजावून सांगा, आणि शक्य झालं तर समोर उभे राहा.