तीन आठवड्यांची शर्यत आणि सलाईनची बाटली

फेब्रुवारीतली गोष्ट. एक बावीस वर्षांचा तरुण आणि त्याचे वडील दवाखान्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ती पाहून या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी सायकली काढल्या होत्या. रविवारी पहाटे कपभर चहावर मंडळी निघाली. घाट चढून, ऐंशी किलोमीटर करून परतताना आमच्या या गड्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम सुटला. मित्रांनी टेम्पोत घालून घरी आणले. दोन दिवस झाले तरी अंगात त्राण नव्हते.

‘‘डॉक्टरसाहेब, एक बाटली लावा,’’ वडील म्हणाले. ‘‘आणि ताकदीचे एखादे इंजेक्शनही द्या. मी स्वतः दर दोन महिन्यांनी एक बाटली लावून घेतो. बरे वाटते.’’

मी बाटली लावली नाही. का लावली नाही हे सांगताना मला जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतीचा दाखला द्यावा लागला. आज वाचकांसाठीही तीच गोष्ट लिहितो.

फ्रान्समध्ये १९०३ साली एका क्रीडा वर्तमानपत्राने आपला खप वाढवण्यासाठी ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. (खप वाढला, हे आमच्या संपादकांच्या माहितीसाठी.) आता ही शर्यत एकवीस टप्प्यांची असते. तेवीस दिवस, त्यात विश्रांतीचे फक्त दोन. एकूण अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आतबाहेर, आणि वाटेत आल्प्स आणि पिरेनीज हे दोन पर्वत. रोज ज्याचा पहिला नंबर येतो तो त्या टप्प्याचा विजेता. पण खरा मान दुसऱ्याच गोष्टीला आहे. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मांडत जायचा, आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो शर्यतीचा विजेता. बेरजेत जो पुढे असेल त्याच्या अंगावर पिवळी जर्सी असते.

या बेरजेने शर्यतीचा स्वभावच पालटतो. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने १९९० साली एकही टप्पा न जिंकता टूर जिंकली. त्याच्या आदल्या वर्षीची शर्यत तर अजून सांगितली जाते. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटर एकट्याने धावायचे होते. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ पन्नास सेकंदांनी पुढे होता, पण बसण्याच्या जागी झालेल्या फोडाने बेजार झालेला. लेमाँडने ते अंतर अठ्ठावन्न सेकंद आधी कापले. तीन हजारांहून अधिक किलोमीटरनंतर फरक राहिला आठ सेकंदांचा! आणि या लेमाँडला १९८७ साली शिकारीच्या वेळी चुकून बंदुकीचे छरे लागले होते. त्यातले काही हृदयाच्या आवरणात तसेच ठेवावे लागले होते.

मग जिंकतो कोण? एका दिवशी सर्वांत जोरात पळणारा नव्हे. ज्याचे शरीर रात्रीत भरून येते आणि सकाळी पुन्हा उभे राहते, तो. एक दिवस जरी कोसळला तरी बेरीज बिघडली.

आता मुलाच्या अंधारीकडे येऊ. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण पाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरींची शिदोरी. घाटाच्या एका टप्प्याला ती कशी पुरणार? टूरमधल्या सायकलपटूंना दिवसाला सरासरी सहा हजार कॅलरी लागतात, डोंगराळ दिवशी त्याहून जास्त. तुम्हाआम्हाला दोन-अडीच हजार पुरतात. म्हणून हे लोक सायकलवरच जेवतात. रस्त्याकडेला उभे असलेले मदतनीस कापडी झोळ्या पुढे धरतात आणि हे वेगात जाताजाता त्या गळ्यात अडकवून घेतात. पूर्वी तासाला साठ ग्रॅम साखर ही आतड्याची मर्यादा समजली जात असे. पुढे कळले की ग्लुकोज एका दाराने रक्तात शिरते आणि फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, दुसऱ्या दाराने. दोन्ही दारे वापरली तर नव्वद ग्रॅम, सरावाने एकशेवीसपर्यंतही जाते. हा सराव पोटाचा! पायांइतकीच आतड्याचीही तालीम करावी लागते.

आणि एवढे करूनही पोट कधी दगा देते. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार आजच्या पिढीतला थोर सायकलपटू. त्याने २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ अशा चार टूर जिंकल्या. पण २०२३ साली, सतराव्या टप्प्यात, ‘कोल द ला लोझ’ नावाच्या घाटात तो अक्षरशः थांबल्यासारखा झाला. डेन्मार्कच्या योनास विंगेगारने त्या एका दिवसात त्याला पाच मिनिटांहून अधिक मागे टाकले. एप्रिलमध्ये पोगाचारचे मनगट मोडले होते, तयारी अपुरी होती. खाल्लेले पोटातच राहिले, पायांपर्यंत पोहोचलेच नाही, असे त्याने नंतर सांगितले.

या खेळातही सुईचा मोह होताच. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगरावर, भर उन्हात, इंग्लंडचा टॉम सिम्प्सन सायकलवरून कोसळला आणि गेला. वय एकोणतीस. शरीरात ॲम्फेटामाइन हे उत्तेजक आणि मद्य सापडले. उत्तेजकाने थकवा जात नाही, फक्त थकव्याची सूचना बंद पडते. १९९०च्या दशकात ‘ईपीओ’ आले. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त वाढवणारे हे उत्तम औषध, पण धडधाकट माणसाने घेतले की रक्त घट्ट होते, गाठीची भीती वाढते. लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे २०१२ साली काढून घेतली गेली, ती अशाच लबाडीपायी.

आणि आता मुद्द्याचे. २०११ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियम केला की वैद्यकीय कारणाशिवाय खेळाडूला सुई टोचायची नाही. थकवा घालवण्यासाठी जीवनसत्त्वांची, साखरेची इंजेक्शनेसुद्धा नाहीत. उत्तेजकविरोधी नियमांनुसारही बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन, रुग्णालयातील उपचार वगैरे सोडता, निषिद्ध आहे. म्हणजे जो माणूस दिवसभर आल्प्स चढून आला आहे आणि उद्या पुन्हा चढणार आहे, त्यालाही बाटली नाही. त्याला भात, बटाटा, अंडी, मासे, पाणी, मीठ आणि झोप. आणि आमच्याकडे लग्नाच्या धावपळीने थकलेल्याला बाटली!

बाटलीत असते काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. ताकद शून्य. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एका केळ्याएवढ्या. उलट्या थांबत नाहीत, जुलाबाने डोळे खोल गेले आहेत, उष्माघात झाला आहे, तर हीच बाटली जीव वाचवते आणि तिथे मी क्षणाचाही विलंब करत नाही. एरवी बरे वाटते ते तासभर आडवे पडल्यामुळे. (हे लिहिल्याबद्दल काही व्यवसायबंधू माझ्यावर रागावतील. रागावोत.)

मुलाला तपासले. रक्तदाब, हिमोग्लोबिन ठीक. नाडी मिनिटाला अठ्ठावन्न. वडील घाबरले, पण नियमित व्यायाम करणाऱ्याची नाडी संथच असते. घेरी येत असताना साठीच्या माणसाची नाडी चाळीसवर आली तर मात्र लगेच ईसीजी काढावा. मुलाला सांगितले, निघण्याआधी पोहे किंवा भाकरी खा, खिशात केळी आणि गुळाचा खडा ठेव, दर अर्ध्या तासाने तोंडात काहीतरी टाक, आणि दोन दिवस झोप काढ.

मग वडिलांकडे वळलो. दर दोन महिन्यांनी अशक्तपणा का येतो, हे कोणी पाहिलेच नव्हते. बोटाला टोचून रक्त पाहिले. उपाशीपोटी साखर २६८. या माणसाच्या शिरेत वर्षभर ग्लुकोजच्या बाटल्या जात होत्या.

आता त्यांच्या गोळ्या सुरू आहेत आणि सकाळचे चालणेही. परवा आले तेव्हा विचारत होते, ‘‘त्या सायकलवाल्यांना मधुमेह होत नाही का हो?’’ मी सांगितले, होतो. २०१३ साली ‘टीम नोव्हो नॉर्डिस्क’ हा व्यावसायिक संघ शर्यतींत उतरला, त्याचे सगळे सायकलपटू लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे. त्यांना मात्र सुईची परवानगी आहे, कारण इन्सुलिनवाचून ते जगूच शकत नाहीत.